बंद रस्त्यावरची गाडी

हे खरं आहे. माझ्याच बाबतीत घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी कोणाला पटवायला बसलेले नाही.

फक्त एक सांगते. ही रात्रीची हकीकत नाही. शनिवारची दुपार होती, दोन वाजले असतील...

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. डोळ्यांना काय काय भास होतात, ते मला इतरांपेक्षा जरा जास्तच माहीत आहे. म्हणून तर स्वतःची समजूत घालणं अवघड जातं.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा तिचं सगळं ताईनेच केलं. औषधं, कूस बदलणं, जागरणं. मी रविवारी जायचे, फळं ठेवायचे, तासाभराने घड्याळाकडे बघायला लागायचे. ताईने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही.

आई गेल्यावर ताई घराबाहेर पडेनाशी झाली. तिला कुठेतरी मोकळ्यावर न्यायचं, असं मी ठरवलं.

डोंगरातल्या अभयारण्यात एक खडीचा रस्ता आहे. जायला-यायला मिळून वीसेक किलोमीटर. गाड्यांना पूर्ण बंदी. पायी जा, नाहीतर सायकलवर. फाटकाशीच जाड टायरच्या सायकली भाड्याने मिळतात. सायकलवाला म्हणाला, या खास खडी आणि खड्ड्यांसाठी बनवलेल्या आहेत. ताई म्हणाली, मग आमच्या गल्लीतच चालवली असती की.

कितीतरी महिन्यांनी ती काहीतरी गमतीचं बोलली होती. मला फार बरं वाटलं.

फाटकावर एक वयस्कर वनरक्षक होता. त्याने वहीत आमची नावं लिहिली आणि बजावलं, पुलाच्या पुढे जायचं नाही, पूल पडलेला आहे. पाचच्या आत परत या.

पहिले पाच-सहा किलोमीटर छान गेले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. टायरखाली खडीची करकर, झाडांत पाखरं. ताई हळूहळू चालवत होती, पण चालवत होती.

मग धुकं उतरलं. दाट नव्हतं. पन्नास पावलांवरचं दिसत होतं.

आणि मागून हॉर्न वाजला.

एकदाच. हलकेच. पुढच्याला बाजूला हो म्हणून सांगतात, तसा.

आम्ही दोघी काही विचार न करता डोंगराच्या बाजूला सरकलो. शहरात राहणाऱ्या माणसाचं अंगच सरकतं. मी एक पाय खाली टेकवून मागे बघितलं.

रस्ता रिकामा होता.

पण इंजिनाचा आवाज जवळ आला... अगदी जवळ... आणि आमच्या शेजारून गेला. डिझेलचा वास आला. माझ्या नडगीवर दोन खडे उडून लागले.

गाडी मात्र नव्हती.

आवाज वळणापलीकडे गेला आणि विरला. मी म्हटलं, डोंगरापलीकडे हमरस्ता असणार, आवाज घुमतो असा. ताई हो म्हणाली. वासाबद्दल आणि खड्यांबद्दल दोघीही बोललो नाही.

मी परत फिरू या म्हटलं. ताई म्हणाली, एवढं आलोय तर पूल बघू. इतक्या दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं. माझ्याने नाही म्हणवलं नाही.

इथे माझी चूक झाली. मी पुढे निघाले.

चढ होता. मी मान खाली घालून पायडल मारत होते. मागून ताईच्या सायकलीची चेन खडखडत होती, त्यामुळे वळून बघायची गरज वाटली नाही.

मग काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

पाखरांचा आवाज नव्हता. वारा नव्हता.

चेनचा आवाजही नव्हता...

मी थांबले. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली.

उत्तराऐवजी खालून वेगळाच आवाज आला. गाडी सुरू ठेवून ड्रायव्हर कोणाची तरी वाट बघत थांबतो ना... तसा. संथ. घरघर.

मी सायकल वळवली आणि उतारावरून सुसाट खाली आले. दुसऱ्या वळणावर ताईची सायकल दिसली. पडलेली नव्हती. कठड्याला नीट टेकवून ठेवलेली होती. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. पाण्याची बाटली जागच्या जागी.

घाबरलेलं माणूस सायकल अशी ठेवत नाही.

कठडा जिथे संपतो, तिथे ताई उभी होती. दरीच्या अगदी काठावर. माझ्याकडे पाठ.

तिने उजवा हात खांद्याइतका वर उचलून काहीतरी घट्ट धरलं होतं. एक पाय गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. पायरीवर ठेवावा तसा, तळवा सपाट. खाली काहीच नव्हतं. तरी तो पाय टेकलेला होता. तिच्या अंगाचा भार त्यावर होता, कारण दुसऱ्या पायाची टाच जमिनीवरून उचलली गेली होती... आणि मग बोटंही उचलली जायला लागली.

इंजिन घरघरत होतं. आवाज तिच्यासमोरून येत होता. जिथे फक्त धुकं होतं.

मी सायकल टाकून धावले. मागून तिच्या कमरेला मिठी घातली आणि ओढलं. ती हलेना. बारीक अंगाची माझी बहीण, पण आतून कोणीतरी हात धरून ठेवल्यासारखी जड.

ती मान न वळवता, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "अगं, बसू दे ना. सरकून जागा केलीय त्यांनी."

मी सगळं बळ लावून स्वतःला मागे झोकून दिलं. आम्ही दोघी खडीवर आपटलो. माझी कोपरं सोलून निघाली.

समोर दार लागल्याचा आवाज झाला. पत्र्याचं, जुनं दार. मग गिअर पडला, आणि गाडी निघाली.

आवाज रस्त्याने गेला नाही. सरळ समोर गेला... दरीवरून... लांब लांब होत.

मग एकदम पाखरं ओरडायला लागली.

परत कसे आलो ते नीट आठवत नाही. सायकली हातात धरून निम्मी वाट चाललो. ताईला विचारलं तर म्हणाली, चक्कर आली होती बहुतेक.

फाटकावर मी वनरक्षकाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल. तो हसला नाही. म्हणाला, इतक्या वर्षांत आत एकही गाडी गेलेली नाही, पूल पडल्यापासून जाणार तरी कुठे. मग त्याने एकच विचारलं.

"नुसती गेली, का थांबली?"

मी म्हटलं, थांबली.

पाच वाजायला अजून वेळ होता, एक जोडपं आत जायला उभं होतं. त्याने त्यांना परत पाठवलं आणि फाटकाला कुलूप घातलं.

आठ दिवसांनी मी ताईकडे गेले. स्वयंपाकघरात ती शेंगा सोलत होती, मी समोर बसून मदत करत होते. मी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून बोलली.

म्हणाली, चक्कर वगैरे नव्हती. गाडी थांबली, दार उघडलं. आत माणसं दाटीवाटीने बसलेली होती. एका बाईने मांडीवरचं मूल उचलून घेतलं आणि माझ्यासाठी जागा केली. आतून हात दिला. मला इतकं थकल्यासारखं वाटत होतं, की बसायला मिळतंय याचंच बरं वाटलं. भीती अजिबात वाटली नाही.

मी म्हटलं, नशीब मी वेळेवर पोचले, नाहीतर तुला ओढायला कोणी नव्हतं.

ताईचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं.

"तू ओढलंस?" ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांनीच हात सोडला. ड्रायव्हरने वळून बघितलं आणि म्हणाला... ही नाही. हिच्या मागे उभी आहे, ती."

मी हातातली शेंग तशीच धरून बसले. मग तिने विषय बदलला, आणि मीही बदलू दिला.

आता वर्ष होईल. ताई बरीच सावरली आहे. सकाळी फिरायला जाते, झोपही लागते म्हणते. मी कामावर बसने जाते. कितीही पाय दुखत असले आणि कोणी सरकून जागा करून दिली, तरी मी बसत नाही.

उतरेपर्यंत उभीच राहते.