पाय धुण्याचा रविवार

बाहेर पाऊस लागला होता आणि आत ऑर्गन. या दोघांच्या कचाट्यात दवाखान्यातल्या कीओनाचा मधुमेहावरचा पहिला वर्ग बुडाला. दवाखान्याने तपासणीची यंत्रं द्यायची, न्यू कनान चर्चने सभागृह आणि माणसं द्यायची, असं ठरलं होतं. सभागृह मिळालं. माणसं म्हणजे चर्चमधल्या वडीलधाऱ्या मदर ल्युवेनिया आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. त्यांनाही काही ऐकू येईना. शेवटी कीओना तणतणत प्रार्थनागृहात गेली.

ऑर्गनपाशी एक तरुण डोळे मिटून बसला होता. खालच्या सुरांच्या पट्ट्या पायांनी दाबायच्या म्हणून बूट बाजूला, पायांत नुसते पातळ मोजे.

"जरा थांबता का? आत वर्ग चालू आहे."

"चालू द्या ना, सिस्टर. तुम्ही साखरेचं सांगा, मी मागे गोड वाजवतो."

"गोड? तुमचा डावा पाय दर वेळी खालचा सूर चुकवतोय."

त्याचं हसू क्षणभर अडखळलं... मग त्याने ऑर्गन बंद केला, बूट चढवले आणि मुकाट्याने तिच्या मागोमाग येऊन शेवटच्या खुर्चीवर बसला.

मिसिसिपीच्या त्या सखल मुलखात मधुमेहाला कुणी मधुमेह म्हणत नाही. साखर म्हणतात, आणि ती घरोघरी एखादा तरी पाय घेऊन गेलेली असते. कीओनाच्या आईचा नेला होता, त्या ऑर्गनवाल्या रॉयसच्या वडिलांचे दोन्ही. रॉयस आठवडाभर मासे कापायच्या कारखान्यात बर्फात हात घालून उभा असे आणि रविवारी चर्चमध्ये वाजवत असे. पुढच्या बुधवारी तो एकटा आला नाही. कारखान्यातल्या सोबत्यांची टोळी घेऊन आला. त्यांच्या मागून त्यांच्या बायका आल्या. चर्चच्या स्वयंपाकघरातून पालेभाजीतलं डुकराचं हाड गेलं, चहातली साखर गेली. मदर ल्युवेनिया तो चहा पिऊन म्हणाल्या, "चहातली काढलीस ते ठीक आहे, पोरी. पण सगळी त्या ऑर्गनवाल्याकडे बघताना का सांडतेस?"

कीओनाने रॉयसचं बोट टोचलं तेव्हा रक्तच येईना. बर्फाने आणि सुरीने त्या हातांची कातडी जोड्यासारखी झाली होती. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली... गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ. आकडा तीनशेच्या वर गेला.

"एवढे गुण मला शाळेत कधी पडले नव्हते," तो म्हणाला.

ती हसली नाही. "मोजे काढ. पाय बघू दे."

"आज नाही. पाय धुण्याच्या रविवारी बघ. त्या दिवशी सगळ्यांसमोर, अनवाणी उभा राहून तुला एक विचारायचंय."

वर्षातून एकदा न्यू कनानमध्ये पुरुष पुरुषांचे आणि बायका बायकांचे पाय धूत. यंदा ते झाल्यावर कीओनाने प्रत्येकाचे पाय तपासावेत, असं पास्टर आणि दवाखाना यांनी मिळून ठरवलं होतं. त्यासाठी ती प्रत्येक बुधवारी एकच गोष्ट घोकून घेई: पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवून बघा, बधिर पायाला चटका कळत नाही. सगळ्यांत मोठ्या आवाजात "कोपर!" म्हणे तो रॉयस.

पण चर्चच्या घमेल्यात मळके पाय घेऊन कुणी जात नाही. आदल्या संध्याकाळी जो तो घरीच पाय भिजवून, घासून ठेवतो. तशीच रीत आहे. रॉयसनेही ठेवले. त्यातून ते पाय कीओना बघणार होती. कारखान्यातून आल्याआल्या त्याने किटलीतलं पाणी घमेल्यात ओतलं आणि हात घालून पाहिलं. कोपर बाहीत होतं, आणि दिवसभर बर्फात राहिलेल्या हाताला पाणी कोमट लागलं.

रविवारी त्याने मोजे काढले तेव्हा डाव्या पायाची कातडी मोज्याबरोबर आली. समोर घमेलं घेऊन बसलेल्या चर्चच्या म्हाताऱ्या डीकनचे हात जागच्या जागी थांबले. कीओना धावत आली आणि गुडघ्यांवर बसली.

"दुखत नाही गं," रॉयस तिची समजूत घालत होता. "खरंच, अजिबात दुखत नाही."

आधी बोटं गेली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. इस्पितळात ती रोज जाई. एके दिवशी तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तो प्रश्न मी मागे घेतला."

"विचारलाच नाहीस. मागे काय घेतोस?"

"स्वच्छ करायला गेलो होतो... तुझ्यासाठी. आता तू घरी जा, कीओना. तुझ्या आईचा पाय जाताना तू उशापायथ्याशी बसून पाहिलंस. पुन्हा तेच कशाला?"

त्यानंतर त्याने तिला आत येऊ दिलं नाही.

पुढच्या वर्षीच्या त्या रविवारी ऑर्गन वाजला, पण नुसत्या हातांनी. खालचा सूर चुकतही नव्हता, कारण तो उरलाच नव्हता. पुरुष एकीकडे बसले, बायका एकीकडे. रॉयस ऑर्गनमागून हलला नाही. कीओनाने घमेलं उचललं आणि बायकांची रांग सोडून त्याच्याकडे निघाली. कुणीतरी घसा खाकरला. मदर ल्युवेनियांनी त्या दिशेला नुसतं पाहिलं. पुन्हा कुणी खाकरलं नाही.

तिने बाही वर करून कोपर पाण्यात बुडवलं. मग त्याचा उजवा पाय घमेल्यात घेतला. करंगळीखाली एक काळसर ठिपका होता, मसुराएवढा. रॉयसला तो माहीत नव्हता. तिने त्यावर बोट दाबलं. पाय हललाही नाही.

"तू न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हो आहे," ती खाली मान घालूनच म्हणाली.

त्याने डोळे मिटून घेतले होते, पहिल्या दिवसासारखे.

"रॉयस... माझा हात लागतोय का?"

"लागतोय," तो हळूच म्हणाला. "चांगला ऊबदार लागतोय."

कीओनाचे दोन्ही हात तेव्हा घमेल्याबाहेर होते, टॉवेलवर. तिने ते आवाज न करता पुन्हा पाण्यात घातले.