बाभळीखालचं पाडस

पाडस नाहीसं झाल्याचं तुफूलला आधी त्याच्या आईनेच कळवलं. उन्हं वर आली तरी ती पांढरी ओरिक्स हरणी बाभळीभोवती फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती.

तुफूलने दुर्बीण खाली घेतली. अभयारण्य बघायला मस्कतहून आलेल्या शिक्षिका रय्याबाई मागे उभ्या होत्या.

"आज पाडस दिसणार नाही," ती म्हणाली. वाटाडी म्हणून दहा वर्षांत तिला हे पहिल्यांदाच म्हणावं लागलं.

"आठवड्याचं पिल्लू एकटं राहतं तरी कसं?" रय्याबाईंनी विचारलं.

"न हलता पडून राहतं. आई दोनदाच पाजायला येते, पहाटे आणि मावळतीला. आज पहाटे तिला ते सापडलं नाही. मावळतीलाही नाही सापडलं, तर ती कळपामागे निघून जाईल. मग पाडस मिळूनही उपयोग नाही."

दुपारपर्यंत मुख्य अधिकारी हिलाल यांनी चोर ठरवूनही टाकला होता. बाभळीजवळच्या पाऊलखुणा फांदीने पुसलेल्या होत्या. ती फांदी पहाऱ्यावरच्या बखीतच्या जीपमध्ये सापडली, पानं अजून हिरवी. बखीत हा तुफूलचा धाकटा भाऊ.

"मावळतीपर्यंत पाडस आलं नाही, तर याला पोलिसांच्या हवाली करतो," हिलाल म्हणाले. "बहीण म्हणून मध्ये पडू नका."

ती पडलीच. बखीत जीपमध्ये मान खाली घालून बसला होता.

"पाडस तू नेलंस?"

"नाही."

"फांदी तुझी?"

"माझी."

"खुणा तू पुसल्यास? का?"

"ताई, तू पाडस शोध. मला विचारू नको."

त्याच्या एक कानाखाली द्यावी असं तिला वाटलं. हातात बेड्या पडायची वेळ आली आणि हा पठ्ठ्या तोंडात गुळणी धरून बसलेला. कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

तिला एकच माणूस आठवला, हुवैशिल. अभयारण्याचा पहिला पहारेकरी. बाप गेल्यावर या दोघा भावंडांना खुणा वाचायला त्यानेच शिकवलं. गेल्या वर्षी साठी झाली तशी हिलालनी त्याला घरी पाठवलं होतं. आता हरणांच्या गळ्यात पट्टे आहेत, यंत्रावर सगळं दिसतं, असं म्हणून. आठवड्याच्या पाडसाच्या गळ्यात मात्र पट्टा नसतो.

रय्याबाई हट्टाने बरोबर आल्या. म्हाताऱ्याचा तंबू माळाच्या कडेला होता. बाहेर चार शेळ्या, लांब बांधलेली करडं, तंबूत मागे जाड पडदा.

"बस, पोरी. काय बातमी?"

"खैर, काका." खैर, म्हणजे सगळं ठीक; घर जळलं असलं तरी आधी हेच म्हणायचं. मग तिने सांगितलं, "पाडस गेलंय. खुणा बघायला येता?"

"ऊन उतरू दे. घाई कसली, सापडेल. हिलालला मात्र सांग, हुवैशिलला बोलवावं लागलं म्हणून."

त्याने खजूर पुढे केले, काळी कॉफी ओतली. "दूध नाही गं. शेळ्या आटल्या. चारा कुठाय यंदा?"

रय्याबाई शेळ्यांकडे बघत होत्या. "यांच्या कासेला पिशव्या कशाला बांधल्यात?"

"करडांनी पिऊ नये म्हणून. घरच्यांसाठी दूध राखायला," तुफूल सवयीने म्हणाली. आणि तिने पेला खाली ठेवला.

"काका, आटलेल्या शेळीची कास कोण बांधतं?"

म्हाताऱ्याने कॉफीचं भांडं उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"जिभेने खोटं सांगितलं, पण हातांना जन्माची सवय. शेळ्या दुभत्या आहेत. तुम्ही स्वतः उपाशी राहाल, पण पाहुण्याला दूध नाकारणार नाही. आज नाकारलंत, म्हणजे ते तुमच्याहून, माझ्याहून अडलेल्या कुणाला तरी लागतंय. आणि पाडस गेलंय म्हटल्यावर तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत. कधी गेलं, कुठून गेलं, काहीच नाही. पडदा मी उचलू की तुम्ही?"

हुवैशिलनेच उचलला. ओल्या गोणपाटावर पाडस निजलं होतं, ओठांना दूध लागलेलं.

"चोरायचं नव्हतं," तो म्हणाला. "संध्याकाळी मीच शोधून देणार होतो. यंत्राला खुणा वाचता येत नाहीत, हे हिलालला दाखवायचं होतं."

"आणि बखीत?"

"बखीतचा काय संबंध? मी खुणा तशाच सोडल्या होत्या. हिलालला कुठं वाचता येतात?"

"बखीतला येतात. तुम्हीच शिकवल्यात. पहाटे त्याने तुमची पावलं ओळखली आणि फांदी घेऊन पुसली. दुपारपासून चोर म्हणून बसलाय, तुमचं नाव घेत नाही."

हुवैशिल पाडसापाशी वाकला. माणसाचा वास लागू नये म्हणून त्याने हात न लावता ते गोणपाटासकट उचललं. "आधी हे," तो म्हणाला. "मग मी."

सूर्य टेकला तेव्हा पाडस बाभळीखाली होतं. हरणी आली. तिने पाडसाला हुंगलं, ती मागे सरली, तीन पावलं निघालीही. पाडस धडपडत तिच्यामागे गेलं, पडलं, उठलं. हरणी थांबली. पाडसाने डोकं तिच्या पोटाखाली खुपसलं.

हुवैशिल ते बघायला थांबला नव्हता. तो हिलालशी दोनच वाक्यं बोलला आणि जीपपाशी गेला.

"उतर," तो बखीतला म्हणाला. "ही जागा माझी आहे."

बखीत उतरला नाही. त्याने सरकून म्हाताऱ्यासाठी जागा केली.