आधी लोखंडाला हात

“मॅडम, पार्टला हात लावायच्या आधी दर वेळी लोखंडाला हात लावा.”

“का? दृष्ट लागते?”

“अंगातली वीज उतरते. नाहीतर आपल्याला कळतही नाही आणि पार्ट जातो.”

“माझ्या अंगात कसली वीज, दादा! दिवसभर मुलीच्या मागे धावून होती तीही उतरली.”

बिलावरून त्याने मान वर केली. “आहे,” तो म्हणाला. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “म्हणजे... सगळ्यांच्याच असते.”

आणि मी? मी हसून पिशव्या उचलल्या आणि निघाले. त्या शुक्रवारी वसईतल्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या पायऱ्या मी उतरत होते तोच त्याने मागून हाक मारली, “मनगटाचा पट्टा तरी घेऊन जा!” मी हातानेच नको म्हटलं. खाडीकाठची आमची हवा, वर्षातले आठ महिने कपडे नीट वाळत नाहीत. इथे कसली आलीय अंगातली वीज!

कोरडा जानेवारी चालू होता, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात कसं येणार, घाईच तेवढी होती. सोमवारी सकाळी दहाला अंधेरीचं एक इंटिरिअर ऑफिस माझी परीक्षा घेणार होतं — माझ्याच घरी, माझ्याच कॉम्प्युटरवर, त्यांच्या डोळ्यांदेखत एका दिवाणखान्याचं थ्रीडी चित्र करून दाखवायचं. जमलं तर काम घरून. नाही जमलं तर पुन्हा जुनी नोकरी: सातला जूचंद्रहून निघायचं, रात्री नऊला परत. त्या नोकरीच्या सात महिन्यांत माझी तीन वर्षांची दिशा माझ्या आईला ‘आई’ म्हणायला लागली होती. मला म्हणायची, ‘ज्ञानदा’.

माझं लग्न मोडून दोन वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघीच. दुकानवाला म्हणाला होता, नवा कॉम्प्युटर मंगळवारी जोडून देतो. मंगळवार मला चालणारच नव्हता, म्हणून मीच जोडायचं ठरवलं. व्हिडिओ तीनदा पाहिला. पोळ्या लाटता लाटता पाहिला, हे खरं.

शनिवारी सकाळी हॉलमधल्या गालिच्यावर सगळं मांडलं. अंगात नायलॉनची मॅक्सी. बाहेर कोरडं, बोचरं वारं. दिशाचा लोकरी स्वेटर डोक्यावरून ओढला तर चट् चट् आवाज झाला आणि तिचे केस ताठ उभे!

“ज्ञानदा, माझे केस नाचतात!”

दोघी पोट धरून हसलो. आणि हसत हसत, त्याच हाताने, मी चंदेरी पाकिटातून रॅमची पट्टी काढली — बोट थेट तिच्या सोनेरी दातांवर. मुंगी चावल्यासारखं झालं. “आई गं,” म्हटलं, आणि पट्टी बसवून टाकली.

संध्याकाळी पाचला बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. बोर्डावर एक लाल दिवा, आणि तो काही केल्या जाईना. पट्टी काढून बसवली, पुन्हा काढली, पुन्हा बसवली. शेवटी बिलावरचा नंबर लावला.

“दादा... लाल दिवा.”

“रॅमचा. लोखंडाला हात लावला होता?”

“सोमवारी दहाला माझी परीक्षा आहे हो.”

“उद्या रविवार. दुकान बंद असतं,” तो म्हणाला. “म्हणजे मी मोकळा आहे. येतो. फक्त एक करा... मला दादा म्हणू नका. विघ्नेश.”

“नाव विघ्नेश, आणि उगवणार विघ्न आल्यावर!”

“आधी सांगितलं होतं मॅडम. तुम्ही हसलात.” आवाजात राग नव्हता. हसू होतं — लपवलेलं.

रविवारी तो निर्मळहून, त्याच्या गावाहून, स्कूटरवर आला. एका हातात पार्टांची पिशवी, दुसऱ्या हातात वाडीतल्या केळ्यांची फणी. दार दिशाने उघडलं.

“आई आहे का घरात?” त्याने वाकून विचारलं.

“आहे, कांदा चिरते. आणि ज्ञानदा पण आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. त्याला कळलं हे मला कळलं. फणी दिशाच्या हातात देऊन तो आत आला आणि डॉक्टरसारखी चौकशी सुरू झाली.

“कुठे बसला होतात?”

“गालिच्यावर.”

“अंगात काय होतं?”

“ही चौकशी कॉम्प्युटरची चाललीय की स्थळ बघायला आलात?”

स्वयंपाकघरातून आईचा खोकला ऐकू आला. विघ्नेशने मान खाली घातली. “म्हणजे... सुती होतं का, असं विचारत होतो.”

“नायलॉन. हीच मॅक्सी.”

“मग बदलून या. प्लीज.”

मी सुती ड्रेस घालून आले तोवर त्याने गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा केला होता आणि सगळा पसारा लाकडी टेबलावर मांडला होता. दिशा टेबलाशी पहारेकऱ्यासारखी उभी. “आधी लोखंडाला हात लाव,” तिने मला दम दिला. तेवढ्यात तिला शिष्या करून घेतलं होतं त्याने!

त्याने खिशातून मनगटाचा पट्टा काढला. निळा, लवचीक, त्याला लांब वायर आणि टोकाला चिमटा. अंगातली वीज हळूहळू कॉम्प्युटरच्या लोखंडी कॅबिनेटमध्ये उतरवणारा. तो एका हाताने मनगटाभोवती ओढू लागला, आणि पट्टा दर वेळी निसटायचा.

“द्या इकडे. मी बांधते.” मी त्याचा हात धरला.

त्याने झटक्यात हात पाठीमागे नेला.

“नको.”

“अहो, पट्टाच तर बांधतेय...”

“तुम्ही नका बांधू. दुसरं कुणीही बांधलं तरी चालेल.”

“का? माझ्या हाताला काय झालंय?”

त्याचे कान लालभडक. मला खरंच काही उमजेना. आणि मग कांद्याच्या वासासकट आई दारात येऊन उभी राहिली.

“अगं ज्ञानदा, बाईने पुरुषाच्या मनगटावर बांधलं की काय होतं? राखी! तो कशाला बांधून घेईल!”

टेबलावर एक बारीकसा स्क्रू घरंगळला. आई पुन्हा आत गेली — आणि आत जाऊन हसली, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मी स्क्रू उचलला. पट्टाही उचलला. आणि काय झालं होतं मला कोण जाणे... मी माझा हात पुढे केला.

“मग असं करू. मीच जोडते. तुम्ही मला बांधा.”

त्याने बांधला. एवढासा पट्टा, पण त्याला वेळ किती लागावा!

“घट्ट झाला?”

“नाही.”

“सैल?”

“नाही.”

“मग सोडू हात?”

“सोडा की. चिमटा लावायचाय ना?”

मी चिमटा कॅबिनेटला लावायला गेले. “तिथे नको,” तो चटकन म्हणाला. “रंगावरून वीज उतरत नाही. इथे... उघड्या धातूवर.” जुनी पट्टी काढली. नव्या रॅमचं पाकीट त्याने शेवटच्या क्षणापर्यंत उघडू दिलं नाही. “आता काढा. काठाने धरा. दातांना बोट लावायचं नाही.” मी काठाने धरली, खाच जुळवली, दाबली. टक्. दुसऱ्या बाजूने, टक्.

पट्टा सोडला. प्लग लावला. बटण दाबलं.

पंखे फिरले. स्क्रीन काळी. लाल दिवा!

“गेलं...” मी म्हटलं. उद्याचे दहा, सातची धावपळ, ‘ज्ञानदा’ म्हणणारी दिशा... सगळं एकदम डोळ्यांपुढे.

“थांबा. नवीन असलं की पहिल्यांदा वेळ लागतो.”

“मशीनला?”

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मशीनलाही.”

एक मिनिट. त्याहून थोडं जास्त. आणि लाल दिवा विझला... स्क्रीन उजळली!

मी टाळी वाजवली, दिशा गिरकी घेऊन ओरडली, आई चमच्यासकट धावत आली. विघ्नेश नुसता बघत होता. स्क्रीनकडे नव्हे.

“जुनी पट्टी माझ्यामुळेच गेली ना?” मी नंतर चहा देताना विचारलं.

“नक्की कुणीच सांगू शकत नाही. असा झटका खूण ठेवत नाही. कधी बसला तेही बऱ्याचदा कळत नाही.”

“तुम्हाला कळतं?”

“एकदा कळलं. शुक्रवारी, बिल करताना.”

सोमवारी दिवाणखाना दोन तासांत उभा केला, खिडकीतल्या उन्हासकट. ‘पुढच्या सोमवारपासून, घरूनच,’ अंधेरीवाले म्हणाले. आणि महिन्याभराने एका दुपारी गॅलरीतून दिशाची हाक आली, “आई!” माझी आई आणि मी, दोघींनी ‘ओ’ दिली. “तू नाही गं आजी. आई!” मी की-बोर्ड सोडून जी धावले...

विघ्नेशचा फोन रोज यायचा. “मशीन कसं आहे?” “छान आहे.” एवढंच. एक दिवस म्हणाला, “मशीनचं सोडा. तुम्ही जेवलात?”

चार वाजले होते. मी जेवले नव्हते. दोन वर्षं सगळे विचारायचे ते दिशाचं, नोकरीचं, कोर्टाच्या कागदांचं. हे कुणी विचारलं नव्हतं. “अजून नाही,” एवढं म्हणून फोन ठेवला. पाऊण तासाने तो डबा घेऊन जिन्यात उभा होता.

“मला मुलगी आहे, विघ्नेश.”

“माहीत आहे. तिनेच दार उघडलं मला.”

“मला भीती वाटते रे.”

‘रे’ कधी निसटला ते मलाही कळलं नाही. त्याला कळला. केवढा हसला!

“मलाही वाटते. घाई नाही, ज्ञानदा. काठाने धरू.”

वर्षभर काठाने धरलं. मग निर्मळच्या घराच्या अंगणात, झेंडूच्या वाफ्यांशेजारी, आमचं लग्न झालं. अंतरपाटाच्या एका टोकाला दिशा लोंबकळत होती, आणि मंगलाष्टकांत सगळ्यात मोठा आवाज माझ्या आईचा होता. आता त्या घरात माझ्या नावाची खोली आहे, खिडकीत केळी आहेत, आणि मी आजवर नऊ मशिनं जोडलीत. एकही गेलं नाही.

पण ती चार वाजताची भूक अजून आठवते. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल — फोनवर ‘मी मस्त’ म्हणणारी, बाळाचे फोटो रोज पाठवणारी, आणि स्वतः एकाही फोटोत नसणारी. तिला मेसेज टाकू नका. आज उजेड आहे तोवर जा, बेल वाजवा. बाळ पुढे येईल, त्याचं कौतुक होईलच. तुम्ही तिला बघून या.