लढाऊ जहाजाचं दार

नळ आमच्या घरापासून वीस पावलांवर. दोन बादल्या भरायच्या आणि परत यायचं, एवढंच काम. दीड वर्षाची लेक आत झोपली होती. वाऱ्याने धूळ येते म्हणून मी दार ओढून घेतलं. तेवढंच केलं मी.

दार लोखंडी होतं. माझा नवरा जुनी जहाजं तोडायच्या कामावर आहे, गॅसकटर चालवतो. त्या वर्षी किनाऱ्यावर नौदलाचं एक म्हातारं लढाऊ जहाज आलं होतं. तोफा आधीच काढून नेलेल्या, नंबर खरवडलेला. बंद खोली कापण्याआधी कटरवाले हातोड्याने तीन ठोके देतात आणि थांबतात. आत पाणी आहे की पोकळ, ते आवाजावरून कळतं. तळाच्या एका खोलीला माझ्या नवऱ्याने ठोके दिले, तर आतून तीन परत आले.

मुकादम हसला. "उंदीर असतील. नौदलातले आहेत, शिस्तीचे!"

आत कोणी नव्हतं. गुडघाभर पाणी होतं फक्त. त्याच खोलीचं दार मुकादमाने आम्हाला देऊन टाकलं. तोवर आमच्या घराला दार म्हणून नुसता पत्रा होता. केवढा आनंद झाला होता मला!

शेजारच्या काकांना मात्र नाही. ते त्याच जहाजावर नोकरीला होते. दाराकडे बघत म्हणाले, "त्या जहाजाची खरी ताकद तोफांत नव्हती, पोरी. दारांत होती. भोक पडून पाणी शिरलं की तेवढी एक खोली बंद करायची. बाकीचं जहाज तरंगत घरी येतं. आम्हीही आलो."

"आणि त्या खोलीत माणूस असला तर?"

काकांनी चहा तसाच खाली ठेवला. "दाराची मूठ दोन्हीकडून फिरते. पण बाहेरून कोणी धरून ठेवली... तर नाही फिरत."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं.

तर त्या दुपारी, दुसरी बादली भरताना आठवलं, स्टोव्ह चालूच राहिला. बादली टाकून पळाले. छपराच्या कडेने काळा धूर येत होता. मूठ फिरेना. मी तिला अक्षरशः लटकले. आतून लेकीचा खोकला आला, आणि मग तोही थांबला.

माझी किंकाळी ऐकून काका धावत आले. दोन्ही हात मुठीवर घातले. तेवढ्यात आतून ठोके पडले. तीन. माझ्या डोक्याच्याही वरून. लेक तर माझ्या गुडघ्याएवढी.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. कानात सांगावं तसं ते दाराशी बोलले, "सोडतो रे... आज सोडतो..."

आणि त्यांनी हात काढून घेतले.

मूठ फिरली. आतून.

लेक उंबऱ्याशीच बसली होती, डोक्यापासून पायापर्यंत चिंब. स्टोव्ह विझलेला, जमिनीवर पाणीच पाणी. मी तिला उराशी धरून मुके घेतले, तर ओठांना खारट लागलं. आमच्या नळाचं पाणी गोडं आहे.

तुम्ही म्हणाल, बाईने हात जोडायला हवे होते. पण मला एवढंच दिसत होतं, की बंद घरात माझ्या लेकीबरोबर कोणीतरी होतं. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "हे दार घरात राहणार असेल तर मी नाही राहायची. जाऊ दे ते बाकीच्या भंगारासोबत भट्टीत, वितळायला."

काका मध्ये पडले. "भट्टीत नको पाठवू गं पोरी. इतक्या वर्षांनी सुटलाय तो..."

मी ऐकलं नाही. दार भट्टीत गेलं. त्यानंतर काका आमच्याकडे चहाला आले नाहीत. पावसाळ्यात वारले. त्यांच्या घराचं दार त्या दिवसापासून रात्रंदिवस सताड उघडं असायचं.

ज्याने माझ्या लेकीला बाहेर काढलं, त्याला मी आगीत ढकललं.

लेक आता तीन वर्षांची आहे. वस्तीत बालवाडीची नवी इमारत झाली, सळया त्याच भट्टीच्या. पहिल्या दिवशी तिला आणायला गेले, तर लेक भिंतीला कान लावून उभी. तीन ठोके द्यायची, थांबायची, मान हलवायची.

मी दंडाला धरून ओढलं.

"थांब ना गं आई," ती म्हणाली. "तो विचारतोय... दार कुठंय?"