बायजाने निवडलेले फोटो

ही हकीकत खरी आहे. ती पटवून देण्याचा अट्टहास नाही. ज्याच्यावर ती गुदरली, तो विनीत आजही महाडला फोटो स्टुडिओ चालवतो. विषय निघाला की लेन्स पुसायला घेतो, इतकंच.

गेल्या एप्रिलमधली मंगळवारची दुपार. साडेतीनचा सुमार. औद्योगिक वसाहतीच्या बसेस पाळी बदलून गेल्या होत्या. रस्ता ओस पडला होता.

विनीत थकला होता. लग्नसराईचा थकवा पाठीत भरतो. हा त्याहून खोल, कुठेतरी डोळ्यांमागे साचलेला. लोक लग्नं उरकतात, पण फोटो निवडत नाहीत. गॅलरीची लिंक उघडायची, आपलं नाव टाकायचं, अल्बमसाठी दीडशे फोटोंवर लाल बदाम उमटवायचे... एवढ्यालाही महिने जातात. तोवर ऑनलाइन जागा अडून राहते.

पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या गौतमीचं लग्न डिसेंबरात झालं होतं. आठशे फोटो. डिस्क भरली म्हणून मूळ प्रती विनीतने पुसून टाकल्या होत्या. आता ते फोटो फक्त ऑनलाइन होते. लिंक गौतमीच्या आईला, बायजाला, पाठवली होती. तिने मांडवातच बजावलं होतं, "निवडनार मीच हां! नायतर हे बाप्ये निस्ते पंगतीचेच फोटू घेतील."

त्या दुपारी त्याने तिला नववा निरोप लिहिला. 'फोटो निवडा, नाहीतर गॅलरी काढून टाकावी लागेल.'

पाठवला...

आणि गॅलरीत एक बदाम उमटला.

मग दुसरा.

मग तिसरा... शेजारी नाव, बायजा.

'सुटलो,' विनीत मनाशी म्हणाला. तासाभरात दीडशे पूर्ण झाले. सगळे गौतमीचे. बायजाचे सात फोटो त्याने लांबच्या लेन्सने, तिच्या नकळत टिपले होते. सातही हसरे. त्यांतला एकही निवडलेला नव्हता.

त्याने गौतमीला फोन लावला. "निवडले बुवा आईंनी एकदाचे. पण स्वतःचा एक नाही घेतला. लाजल्या की काय?"

पलीकडून गौतमीचा आवाज चढला.

"दादा, चेष्टा करताय काय? आई लग्नानंतर सतराव्या दिवशी गेली. फोन तिच्या ट्रंकेत पडून हाय. बंद."

विनीतने निरोपांकडे पाहिलं. नऊच्या नऊ निरोपांपुढे एकच टिक. एकही पोहोचला नव्हता.

"दादा," गौतमी रडवेल्या आवाजात म्हणाली, "घरात आईचा एक फोटो नाय. तुमच्याकडं तिचा हसरा आसंल तो पहिल्या पानावर घाला. मला तेवढाच पायजे."

त्याने त्या सातांतल्या एका फोटोवर बदाम उमटवला.

बदाम गेला.

पुन्हा उमटवला. पुन्हा गेला...

थकलेला माणूस फार विचार करत नाही. त्याने निवड बाजूला ठेवली, फोटो स्वतःच पहिल्या पानावर बसवला आणि अल्बम छपाईला धाडला.

तीन आठवड्यांनी अल्बम आला. गौतमी आणि तिचे वडील सखा स्टुडिओत आले. गौतमीने पहिलं पान उलटलं... आणि थबकली.

"दादा, हा नव्हे. हसरा."

मांडव तोच होता. आंब्याच्या पानांवरचं तिरपं ऊनही तेच. बायजाही तीच... फक्त हनुवटीपर्यंत पदर ओढलेला.

सखा वाकला. बराच वेळ पाहत राहिला.

"तीच हाय. कॅमेरा दिसला की आसाच पदर वढायची." तो कसनुसा हसला. "जित्तेपनी कुनाचं आयकलं नाय, आता आमचं काय आयकतेय?"

विनीतने गॅलरी उघडली. तिथेही पदर.

उरलेल्या सहांमध्ये, पडद्यावरच्या छोट्या चौकोनांत, ती अजून हसत होती. त्याने त्यांतला एक उघडला... मोठा होताच पदर.

उरले पाच.

जपून ठेवायचे तर उघडायला हवेत. उघडले तर जातील. गौतमी आठवड्याला फोन करते, "दादा, एक तरी पाठवा ना." विनीत होकार देतो. बोट चौकोनापाशी नेतो. मागे घेतो.

ते फोटो तिच्या नकळत टिपलेले. पाचांतही तिची नजर लेकीकडे होती.

परवापासून चारांतच आहे.

पाचव्यात ती हसतेय... आणि सरळ विनीतकडे पाहतेय.