अर्ध्यावर थांबलेली झडप

करंजाच्या खाडीजवळच्या नियंत्रण कक्षात मनाली घरतने चहाचा कप बाजूला सारला आणि पडद्यावर समुद्राखालची तेलवाहिनी उघडली. ‘प्रवाहछाया’ ही संगणकप्रणाली आल्यापासून नळाच्या आत बघता येत होतं. तेल कुठे संथ झालंय, वायूचा फुगा कुठे अडकलाय, हे ती किनाऱ्यावरच्या दाबाच्या नोंदींवरून मांडून दाखवायची. आज ही प्रणाली पहिल्यांदाच जुन्या नोंदींवर, भूतकाळात चालवायची होती.

चाचणीसाठी वरिष्ठांनी सात वर्षांपूर्वीचा अपघात निवडला होता. तेलविहिरीतून वायू उसळला आणि समुद्रातला प्लॅटफॉर्म पेटला. तिथली उपकरणं जळून गेली. विहिरीची झडप मात्र अर्धवट उघडी सापडली. ती तशी सोडल्याचा ठपका मनालीच्या नवऱ्यावर, जितेशवर बसला. तो परतलाच नव्हता.

“ताई, हे मी करतो,” शेजारच्या टेबलावरून अल्ताफ म्हणाला. तो जितेशचा मित्र.

“नको. मीच बघते.”

आलेख उमटू लागला. धोक्याची घंटा झाली तेव्हा झडप पूर्ण उघडी होती, रोजच्या कामात असते तशी. घंटेनंतर प्रवाह घटू लागला. थोडा घटायचा, थांबायचा, पुन्हा थोडा घटायचा.

“यंत्राने बंद केली असती तर रेष एकदम खाली आली असती,” अल्ताफ हळूच म्हणाला. “कुणीतरी हाताने चाक फिरवतंय.”

मधले थांबे लांबत गेले. अर्ध्यावर येऊन रेष आडवी झाली आणि तशीच पुढे गेली.

मनालीने गृहीतकं बदलून पुन्हा गणित चालवलं. रेष तिथेच थांबली. त्या पाळीत झडपेवर एकटा जितेश होता.

“चौकशी केव्हाच संपलीय,” तिने निकाल कळवल्यावर वरिष्ठ फोनवर म्हणाले. “ही नुसती चाचणी होती.”

“मग चाचणीचा निकाल म्हणून चौकशी समितीला पाठवते,” ती म्हणाली, आणि पाठवला.

मग तिने सासऱ्यांना फोन लावला. चौकशीनंतर त्यांनी मुलाचं नावही काढलं नव्हतं.

“बाबा, ह्यांनी झडप उघडी टाकली नव्हती. आग लागल्यावर हे ती बंद करत होते.”



“बाकीचे होडीत उतरले, तेव्हा जितू तिथंच होता?”

“हो.”

“मग अर्धीच कशी राहिली गं?”

मनाली त्या आडव्या रेषेकडे बघत राहिली. “ह्यांचे हात तिथेच थांबले, बाबा.”