तिसऱ्या खुंटाचे माप

दवाखान्याच्या मागील अंगास, जिन्याखालच्या लांबट खोलीत, दातांच्या कामाची प्रयोगशाळा होती. खोलीचे आपोआपच दोन भाग पडले होते. डावीकडे बापाचे टेबल: रबरी वाडगी, प्लास्टरची पोती, थरथरणारे यंत्र आणि तीस वर्षांत पांढराफटक पडलेला नळ. उजवीकडे लेकीचे टेबल: संगणक, दोन पडदे आणि एक रोपटे. बापाकडची भुकटी उडून त्या रोपट्यावर बसे, आणि लेक रोज सकाळी ते पुसता पुसता बापाला दोन शब्द ऐकवी. बापाला सगळे मापारी म्हणत. ज्यांचे सर्व दात गेले आहेत अशांच्या जबड्याचे माप घेणे व त्यावरून प्लास्टरचा साचा ओतणे हेच त्याचे आयुष्य असल्यामुळे ते नाव त्याला चिकटले, व त्यालाही ते मनापासून आवडे.

त्या सोमवारी मापारी सकाळपासून नुसता हवेत होता. कारणही तसेच होते. डॉक्टरबाईंनी तोंडात फिरवायचा नवा स्कॅनर घेतला होता, आणि जुन्या व नव्या पद्धतीची समोरासमोर तुलना व्हायची होती. एका बाईंच्या खालच्या जबड्यात सहा खुंट बसवलेले होते. खुंट म्हणजे हाडात रुतवलेले धातूचे स्क्रू. त्या सहांवर एक अखंड पट्टी बसते, आणि पट्टीवर सारे दात. जबडा एकच, मापे मात्र दोन: एक लेकीने स्कॅनरने घ्यायचे, दुसरे बापाने हाताने. दोन्हींवरून बाहेरच्या एकाच यंत्रावर धातूच्या पट्ट्या कोरून आणायच्या. ज्या पट्टीचा एका टोकाचा एकच स्क्रू आवळला तरी दुसरे टोक उचलले जाणार नाही, ती पट्टी खरी.

"हरलात तर प्लास्टर बंद हं, मापारीकाका," डॉक्टरबाईंनी आधीच बजावले होते. "तुमच्या टेबलाच्या जागी कोरायचं यंत्र येईल. तुम्ही बाहेर बसून पाकिटांवर पत्ते लिहा."

"आणि जिंकलो तर?"

"तर टेबल तुमचं. मी पुन्हा विषय काढणार नाही."

अकरा वाजता त्या बाई खुर्चीत येऊन बसल्या. रेल्वे स्थानकावर सव्वीस वर्षे त्यांनी गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. "मला शोभेचं काही नको हो," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "माझा 'स' तेवढा परत द्या. सात वाजता म्हणायला जाते आणि भलतंच काहीतरी वाजतं."

लेकीने स्कॅनरची कांडी जबड्यावरून फिरवली. पडद्यावर गुलाबी हिरड्या व त्यांतून वर आलेले सहा खुंट एकामागून एक उमटत गेले. चार मिनिटांत काम आटोपले.

"झालं. बाबा, तुम्ही निदान बाह्या तरी वर केल्यात का?"

"तुझं यंत्र नुसतं बघतं, बाळ. मी धरतो. बघणं निराळं, धरणं निराळं."

"धरा, धरा. मी घड्याळ लावते."

डॉक्टरबाई हसल्या, तोंड उघडे ठेवूनच रुग्णबाईही हसल्या, आणि मापारीच्या अंगात विलक्षण हुरूप संचारला. त्याने सहा खुंटांवर मापाच्या सहा टोप्या आवळल्या, त्यांच्याभोवती दोरा गुंफला, आणि कुंचल्याने गुलाबी ॲक्रिलिकचा लेप देऊन सर्वांना एकमेकींशी जखडले. येथे एक नियम आहे. ॲक्रिलिक घट्ट होताना आकसते व टोप्यांना ओढते. म्हणून ते मध्ये मध्ये कापावे, ओढ सुटू द्यावी, आणि मग एकेक थेंब घालून पुन्हा सांधावे. मापारीने हा नियम स्वतः चौघांना शिकवला होता. परंतु लेकीचे घड्याळ चालू होते, बाईंचा जबडा अवघडला होता, आणि विजयाच्या कल्पनेने त्याची बोटे त्याच्या पुढे धावत होती.

त्याने कापले नाही.

तसाच मापाच्या मिश्रणाने भरलेला ट्रे बसवला, ते घट्ट होऊ दिले, स्क्रू सोडवले, आणि ओला आवाज करीत माप बाहेर आले. ते दिसायला देखणे होते. तरीही प्लास्टर ओतताना त्याच्या बोटांना कळून चुकले, की तिसरा खुंट, जो डाव्या सुळ्याच्या जागी होता, जिभेकडे ओढला गेला आहे.

बुधवारी लेकीने त्याचा साचा संगणकात घेऊन आपल्या मापावर ठेवला. जुळेल ते हिरवे दिसते, न जुळेल ते लाल. पाच खुंट हिरवेगार होते.

"बाबा, तुमचा तिसरा रुसलाय. पाव मिलिमीटर."

"तुझाच रुसला असेल."

"बरं. परवा तोंडच सांगेल."

पाव मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटते. वस्तुतः या कामात ते दोन गावांमधले अंतर आहे. ताठ धातू तेवढेही सोसत नाही. गुरुवारी पट्ट्या कोरून आल्या, तेव्हा मापारीने दोन्ही साच्यांवर ठेवून पाहिल्या. लेकीची पट्टी त्याच्या साच्यावर डगमगली, त्याची पट्टी लेकीच्या स्कॅनवरून छापलेल्या साच्यावर डगमगली. खरे बोलावे असे त्याच्या मनात दोनदा आले. दोन्ही वेळा त्याने नळ सोडला आणि धुतलेलीच वाडगी पुन्हा धुतली.

शुक्रवारी प्रथम लेकीची पट्टी तोंडात गेली. डॉक्टरबाईंनी एका टोकाचा स्क्रू आवळला, भिंग लावून पाहिले, क्ष-किरण चित्र काढले. केसाचीही फट नव्हती. लेकीने ओठ दाबून हसू आवरले.

"आता तुमची घालू या. रीत म्हणून," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मापारीने पट्टी त्यांच्या हाती दिली. पट्टी उचलली जाईल, सर्वांसमक्ष टक् असा आवाज होईल, आणि तीस वर्षांचा हिशेब त्या एका आवाजात चुकता होईल, हे तो जाणून होता.

पट्टी बसली.

डॉक्टरबाईंनी स्क्रू आवळला. दुसरे टोक हलले नाही. त्यांनी भिंग पुसून पुन्हा पाहिले. क्ष-किरण चित्रात पट्टी आणि तिसरा खुंट एकमेकांना पाणी काचेला टेकावे तसे टेकलेले होते.

"काय चाललंय काय?" लेक म्हणाली. "माझी परत घाला बरं."

लेकीची घातली. बसली. बापाची घातली. बसली. डॉक्टरबाईंनी दोन्ही पट्ट्या बाहेर काढून काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या. तिसऱ्या छिद्रातला फरक नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता.

"दुखतंय का?" त्यांनी विचारले.

"छे," रुग्णबाई म्हणाल्या. "हलकं वाटतं. कुणी रांगेत जरा सरकून जागा दिली की वाटतं ना, तसं."

आनंदाने मापारीचे कान गरम झाले. लेक तर खुर्चीभोवती फेऱ्या मारू लागली. "हाड असं सरकत नाही हो. चार महिने झालेत, खुंट हाडाशी एकजीव झालेत. बाबा, हे लिहून ठेवलं पाहिजे. हे कुणीच बघितलं नसेल."

"सोमवारी पुन्हा बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, उत्सुकता होती. "मग निकाल देते."

शनिवारी लेक बाहेर गेली असता मापारी एकटाच टेबलाशी बसला. त्याच्या डोक्यात एकच विचार भुंग्यासारखा फिरत होता. आपले माप चुकीचे होते, हे आपल्याला ठाऊक आहे. मग ते तोंडात कसे बसले? त्याने करवतीने साच्यातला तिसरा खुंट मोकळा केला, जिभेकडे आणखी सरकवला, आणि नव्या प्लास्टरने तेथेच रोवला. लेकीच्या मापापासून बरोबर एक मिलिमीटर. तेवढे अंतर त्याने कंपासाने तीनदा मोजले. त्यावर टणक ॲक्रिलिकची, तात्पुरते दात लावलेली एक चाचणीची पट्टी घडवली. असे जबड्याचे माप जगात कोणाचेच नव्हते. ते केवळ त्याच्या मनातले होते. काम संपवताच त्याने साचा फोडून पोत्यात टाकला. कोणाला काही सांगितले नाही.

सोमवारी तो डॉक्टरबाईंना एवढेच म्हणाला, "खातरजमेला एक साधी पट्टी आणलीय. घालून बघा."

रुग्णबाईंनी आ केला. डॉक्टरबाईंनी पट्टी ठेवली आणि स्क्रू आवळला. लेक भिंगातून पाहत होती.

"बसली," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी लाळ ओढणारी नळी बाहेर काढली.

"बोला काहीतरी," त्या रुग्णबाईंना म्हणाल्या.

"सात वाजून सत्तावीस मिनिटांनी सुटणारी गाडी सहाव्या फलाटावर येत आहे."

प्रत्येक 'स' नाण्यासारखा वाजला. बाईंचे डोळे भरून आले. "हीच," त्या म्हणाल्या. "मला हीच हवी. हिच्यासारखी करून द्या."

लेकीने टाळी वाजवली. डॉक्टरबाईंनी मापारीच्या पाठीवर थाप मारली. "काका, तुमचं टेबल तुमचं. कोरायचं यंत्र आलं की वरच्या मजल्यावर बसवू. पक्की पट्टी हिच्यावरूनच करा."

त्या क्षणी बोलायला हवे होते. मापारीने तोंड उघडलेही. पण सगळे त्याच्याकडे इतक्या कौतुकाने पाहत होते, की त्याच्या तोंडून एवढेच निघाले, "बरं."

दुपारी खोलीत ऊन तिरपे आले होते. मापारी आपल्या टेबलावरून हात फिरवत होता, नळाला, वाडग्यांना, जणू कोणी हरवलेले माणूस घरी परतले आहे. लेकीने आज रोपटे पुसले नव्हते. ती पडद्याकडे पाठ करून बसली होती. तिने हनुवटी तळहातावर टेकवली होती.

"जेवलीस का गं?"

"चावताना कसंतरी होतंय. खालचे-वरचे नीट मिळत नाहीत."

"थकली असशील."

"म्हणून स्कॅन केलं," ती म्हणाली. "माझंच. शिकत होते तेव्हाचं जुनं होतं, त्यावर ठेवून बघितलं."

ती बाजूला सरकली. पडद्यावर तिचा खालचा जबडा होता. सर्व दात हिरवेगार होते. डावा सुळा तेवढा लाल होता.

मापारी पडद्याजवळ गेला.

"दुखतंय?"

"छे. उलट हलकं वाटतंय," लेक म्हणाली. तिचे डोळे उत्साहाने चमकत होते. "आणि गंमत बघा ना, बाबा. वाकडातिकडा नाही सरकलेला. सरळ जिभेकडे गेलाय. मी तीनदा मोजलं."

"किती?"

"एक मिलिमीटर," ती म्हणाली. "बरोबर एक."